दोन चंद्रांचं मुखपृष्ठ

आमटीभात कालवता कालवता हरिहर लिमये थांबले.

"गोदा, मी बाइंडरला कव्हरं काढायला सांगितलं."

"मग? ऑफिसची कामं तशीच द्यायचात ना?" बायको म्हणाली.

तेच तर झालं होतं. ठाण्याच्या कचेरीत तीस वर्षं बांधणीच्या प्रत्येक गठ्ठ्यावर त्यांनी एकच शेरा मारला: कव्हर काढून, कडा समान कापून. परवा सवयीने तोंडातून तेच गेलं. आणि दिली होती ती बावीस जुनी विज्ञानकथांची इंग्रजी मासिकं, शाळेत असताना रद्दीवाल्याकडून एकेक करून जमवलेली. तेव्हा इंग्रजी कुठे धड कळत होतं? कळायची ती मुखपृष्ठं. तांबड्या वाळवंटात एकटा माणूस आणि वर दोन चंद्र. ते चित्र पाहून चौदा वर्षांचा हरिहर जेवायचं विसरला होता. ठाण्यातल्या नौपाड्याच्या पलीकडे एवढं काही असेल, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"फोन करा की. का फोनलाही घाबरता?"

केला. तीनदा. बाइंडर गुणाजीने उचलला नाही.

हरिहर आंबिवलीला लोकलमधून उतरून गुणाजीच्या दुकानाकडे चालू लागले. खळीच्या डब्याखाली अंथरलेला चंद्र त्यांना डोळ्यांपुढे दिसत होता. आता जाऊन भांडायचं तरी कुणाशी? सांगणारे आपणच.

गुणाजी दारातच बसला होता.

"बरं झालं आलात, साहेब. काम अडलंय."

"कव्हरं?" हरिहरांनी विचारलं.

"तीन काढली. हे काढवेना." त्याने वाळवंटाचं चित्र पुढे धरलं. "हे दोन चंद्र कुठले?"

"मंगळाचे. मंगळाला दोन आहेत."

"खरंच?"

"खरंच."

"मग आपल्यालाच एक का?"

हरिहरांनी ती निघालेली तीन कव्हरं उलटसुलट करून पाहिली. एक कोपऱ्यात फाटलं होतं.

"ही परत लावाल?"

"लावतो, आतून पट्टी देऊन. पण कडा कापल्या तर तुमचा धाकटा चंद्र जातो बघा."

"नका कापू. वाकड्या राहू देत."

"तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय तुमच्याकडून," गुणाजी हसला आणि त्याने सुईत दोरा ओवला.

हरिहर हसले नाहीत. स्टूल ओढून तिथेच बसले. शेवटचा टाका पडेपर्यंत त्यांनी कापायच्या यंत्रावरची नजर काढली नाही.