खेमराज सरांचा परका वाचक

आंधळगावचे प्राध्यापक खेमराज सोनकुसरे सकाळी उठले की आधी चष्मा शोधत, मग मोबाइल, आणि मग कुठे देवाचा नंबर लागे. मोबाइलवर त्यांचं एक पान होतं. जगात कुणीही आपल्या लेखात सरांच्या लेखाचा हवाला दिला की तिथला आकडा वाढायचा. याला म्हणतात सायटेशन. आकडा महिनोन्‌महिने जागचा हलत नसे, पण म्हणून माणसाने पाहूच नये की काय?

सर तुमसरच्या कॉलेजात मॅनेजमेंट अकाउंटिंग शिकवायचे, म्हणजे धंद्यात कशाला किती खर्च लागतो ते नेमकं सांगायचं शास्त्र. लेख चिक्कार लिहिलेले. हवालेही होते बरं का! पण त्यातले निम्मे सरांनी स्वतःच स्वतःला दिलेले, आणि उरलेले आहेराचे. आपल्या पोरीच्या लग्नात कुणी लुगडं आणलं तर त्याच्या पोरीच्या लग्नात आपण लुगडं न्यायचंच. तसं अड्याळच्या प्राध्यापक अंकुशने सरांचा हवाला दिला, की पुढच्या लेखात सर अंकुशचा देणार. अंकुशचा विषय बँकांचा, सरांचा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, हातमागाचा. मेळ कशाचा कशाला नाही, पण रीत म्हणजे रीत.

त्यातच सर सुखी राहिले असते. पण रिटायरमेंट जवळ आली आणि त्यांच्या मनाने घेतलं, की एक तरी हवाला परक्या माणसाचा हवा. ज्याचं आपल्याशी देणं ना घेणं, ज्याने आपलं लिखाण खरंच वाचलं. नाहीतर एवढं लिहिलं ते कुणासाठी? हे दुःख ते बायकोला सांगत, आणि मंजुषाताई म्हणत, "मी वाचू काय?" सर घाबरून विषय बदलत.

आणि दिवाळीनंतरच्या एका सकाळी आकडा हलला!

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गुवाहाटीकडची कोणी संशोधक बाई. ना ओळख ना पाळख. आंधळगावच्या कोसा साडीच्या खर्चावरच्या सरांच्या लेखाचा तिने हवाला दिला होता.

"मंजुषा, आला वं, आला!"

"कोन आला?"

"परका!"

पुढे काय विचारता. बिनआंघोळीचे सर पेढे घेऊन आले. गल्लीत वाटले. काहींनी नातू झाला समजून अभिनंदन केलं, सरांनी तेही ठेवून घेतलं. शेवटचा पेढा आईसाठी राखला. दुर्गाबाई ओसरीवर चरख्याशी बसून कांडी भरत होत्या. कांडी म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसते ती धाग्याची बारकी नळी. ती भरल्याशिवाय माग चालत नाही, आणि आत मागावर सरांचा धाकटा भाऊ बसलेला.

"पोट्टीनं लिवलं काय पन?" दुर्गाबाईंनी पेढा तोंडात टाकत विचारलं.

अरे हो! वाचायचं राहिलंच होतं. सर तिथेच उभ्या उभ्या इंग्रजीचं मराठी करत वाचू लागले. "सोनकुसरे यांनी साडीचा खर्च फार बारकाईने मांडला आहे..." आवाज चढला. "परंतु..." आवाज उतरला. पण आई बघत होती, थांबता कसं येणार? "परंतु कांडी भरण्याच्या कामापुढे त्यांनी शून्य लिहिलं आहे. हे काम घरच्या बायका जन्मभर करतात. त्यांचे कष्ट धरलेच नाहीत, हा या लेखाचा मोठा दोष आहे."

सरांना आठवलं. ज्या ज्या विणकराला विचारलं त्याने हेच सांगितलं होतं, "कांडीचं काय धरता सर, ते घरचंच हाय." आणि सरांना ते पटलं होतं, कारण त्यांच्याही घरी ते घरचंच होतं. याच चरख्याच्या घरघरीत अभ्यास करून ते प्राध्यापक झाले होते. सरांना शरम वाटली, अगदी कान तापेस्तोवर. आणि तरी मेला आनंदही आतून जाईना, कारण बाईने लेख शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचला होता.

"म्हंजे दोष काढला तिनं तुया," दुर्गाबाई म्हणाल्या, "अन् तू गावभर पेढे वाटून राहिला!" हसता हसता त्यांना ठसका लागला. सरांनी पाणी दिलं आणि तिथेच मांडी घातली.

"मा, एक कांडी भराले किती वेळ लागते वं?"

दुर्गाबाईंचा हात थांबला. त्या पोराकडे बघतच राहिल्या. "सारा जलम गेला बापू, अन् आज इचारलं तू." मग जरा सरकल्या. "मले काय मालूम? बस इथं, भरून पाह्य."

सरांनी चरखा फिरवला. धागा तुटला. आईने जोडून दिला. पुन्हा तुटला. "वा रे परफेसर!" आई म्हणाली आणि पुन्हा जोडला. आता कुठे धागा सरळ येऊ लागला, तोच बाजूला ठेवलेला मोबाइल वाजला.

"तुया आकडा हालला असन," आई म्हणाली. "पाह्य ना."

"राहू दे मा," सर मान वर न करता म्हणाले, "धागा तुटन."