डाव्या कोपऱ्याची खूण

सहदेव राऊळ अठरा वर्षं कबड्डी खेळला, तीही एकाच मंडळाकडून आणि एकाच जागी, डाव्या कोपऱ्यात. त्या अठरा वर्षांत मैदानावर तो अठरा वाक्यं तरी बोलला असेल का, यावर शहाडमध्ये अजून वाद होतो. आणि आता हा माणूस टीव्हीवर बोलतो. कोणाच्या कपाळी काय लिहिलेलं असेल, सांगता येत नाही.

त्याचे वडील कणकवलीकडून शहाडच्या कारखान्यात कामाला आले. सहदेव वाढला तो चाळीमागच्या मैदानात, उल्हासतीर क्रीडा मंडळाच्या मातीत. घोटा धरावा तर राऊळनेच, असं जिल्हाभर नाव झालं. खेळावरच महापालिकेच्या पाणी खात्यात नोकरी लागली. मुंबईच्या मोठ्या संघांनी बोलावलं तेव्हा 'बघतो' म्हणाला आणि गेला नाही. लोक म्हणत, काय मंडळावर निष्ठा! निष्ठा होतीच, नाही कोण म्हणतो. पण खरं कारण मैदानात त्याच्या उजव्या हाताला उभं असायचं, आणि त्याचं नाव आनंदा जगदाळे.

चढाईवाला अंगावर येतो तेव्हा कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा हातात हात धरून उभे राहतात. याला साखळी म्हणतात. सहदेवचा उजवा हात अठरा वर्षं आनंदाच्या डाव्या हातात होता. बायकोच्या हातात इतका वेळ कधी राहिला नाही, असं शीला स्वतः म्हणते आणि तिचं काही खोटं नाही. सामन्याच्या गलक्यात बोललेलं ऐकू येत नाही, आणि आलंच तर समोरच्यालाही येतं, म्हणून आनंदाने हाताच्या खुणा बसवल्या होत्या. एकदा दाबलं की थांब. दोनदा दाबलं की तू घोटा धर. आणि अंगठा आत वळून तळव्याला टेकला की तू नुसतं झेपावल्याचं सोंग कर, धरणार मी. या तिसऱ्या खुणेने भल्याभल्या चढाईवाल्यांना माती चारली. सहदेवच्या झेपेला घाबरून चढाईवाला त्याच्या उजवीकडे सरकायचा आणि थेट आनंदाच्या मिठीत जायचा.

मंडळाचा एक दंडक होता. खूण तोंडाने सांगायची नाही. नव्या खेळाडूने साखळीत उभं राहायचं, चुकायचं, शिव्या खायच्या, आणि चार-सहा महिन्यांत त्याच्या हाताला आपोआप कळायचं. सहदेवलाही आनंदाने कधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. तोंडावर आली की ती गावाची झाली, एवढंच आनंदा म्हणायचा.

गुडघ्याने दगा दिला तेव्हा सहदेव थांबला. आनंदा मंडळाचा प्रशिक्षक झाला. दर रविवारी सकाळी सहदेव मैदानावर जायचा, सरावाला माणूस कमी असला की साखळीत उभा राहायचा, आणि नंतर दोघे पत्र्याच्या शेडबाहेर चहा प्यायचे. बोलणं फारसं होत नसे. त्या एका चहावर तो पुढचा आठवडा काढायचा, असं म्हटलं तरी चालेल.

अशात एका मराठी क्रीडावाहिनीला लीगच्या सामन्यांवर बोलायला जुना खेळाडू हवा होता. कोणीतरी राऊळचं नाव सुचवलं. सुचवणाऱ्याने त्याला कधी बोलताना ऐकलं नसणार हे उघड आहे. स्टुडिओ ठाण्याला, घोडबंदर रोडवर. तिथे त्याला कोट चढवला, खाली मात्र ट्रॅकपँटच राहू दिली, कारण कॅमेरा कमरेच्या खाली जात नाही. भुवईवरचा जुना व्रण पावडरीने झाकायला घेतला तेव्हा त्याने मान हलवून नको म्हटलं. पहिल्या दिवशी त्याच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते कार्यक्रम संपेपर्यंत निघालं नाही. क्षिप्रा म्हणून डोंबिवलीची मुलगी कार्यक्रम चालवायची, झरझर आणि नेटकं बोलणारी. ती विचारायची आणि हा म्हणायचा, "बरोबर आहे." शीलाने घरी बसून मोजलं, अकरा वेळा.

पण दुसऱ्या हंगामापर्यंत तो बराच सुधारला. लोक रस्त्यात थांबवायला लागले. पाणी खात्यातले साहेब, ज्यांना याचं आडनाव कधी आठवत नसे, ते केबिनमध्ये बोलावून चहा पाजायला लागले. आपण बोललेलं कोणी ऐकतंय, हे सुख सहदेवला चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा मिळालं होतं. त्याला ते आवडलं. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, पण तो लाजायचा, आणि तरी आवडायचं.

साकेत नावाचा निर्माता होता. वयाने लहान, वागायला गोड. एकदा तो म्हणाला की, सर, पडद्यावर दिसतं ते प्रेक्षकालाही दिसतं, तुम्ही न दिसणारं सांगा. सहदेवच्या मनाने ते घेतलं. बोलणाऱ्याची बोरं विकतात, मग आपल्याकडे तर आंबे आहेत, असं त्याला वाटलं असावं.

त्याच संध्याकाळी एका सामन्यात साखळी फुटली. क्षिप्राने विचारलं, कोपऱ्यातला का फसला? सहदेव म्हणाला, त्यांचे हात एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे काय, तिने विचारलं. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला! त्याने टेबलावर तिचा हात हातात घेतला आणि एकदा दाबून दाखवलं, दोनदा दाबून दाखवलं, मग अंगठा आत वळवला. कॅमेरा जवळ आला. आमच्या उल्हासतीरची जुनी खूण, असंही तो अभिमानाने म्हणाला. क्षिप्राचे डोळे चमकले. कानातल्या यंत्रातून साकेत म्हणाला, "सर, कमाल!"

तो तुकडा रात्रीत सगळ्या फोनांवर गेला. आंबिवलीच्या वडापाववाल्यापासून कोपरच्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांनी कौतुक केलं. आनंदाचा फोन आला नाही. तो तसाही कधी येत नसे, म्हणून सहदेवने मनाला लावून घेतलं नाही. खोटं कशाला बोला, थोडं लावून घेतलं होतं. पुढच्या दोन्ही रविवारी चित्रीकरण होतं, त्यामुळे मैदानावर जाणं टळलं, आणि त्याला बरंच वाटलं.

पंधरा दिवसांनी कल्याणला जिल्ह्याची अंतिम लढत होती. उल्हासतीर नऊ वर्षांनी अंतिम फेरीत आलं होतं. पंधरा दिवसांत नव्या खुणा हाताला बसत नाहीत, म्हणून संघ जुन्याच खुणांवर उतरला होता. सहदेवच्या जागी आता प्रीतम खेळायचा, शहाडचाच, वर्षभर नोकरी शोधणारा. कंपन्यांच्या संघांची निवड करणारे लोक तो सामना बघायला येणार होते, हे सगळ्यांना माहीत होतं. सहदेव प्रमुख पाहुणा होता. शाल आणि नारळ घेऊन तो पुढच्या खुर्चीत बसला.

पहिल्या पाच मिनिटांत त्याला काहीतरी खटकलं. समोरचा चढाईवाला प्रीतमच्या पायांकडे बघत नव्हता. तो हातांकडे बघत होता. प्रीतम झेपावला, जीव तोडून झेपावला, आणि चढाईवाल्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारच्याला पायाने टिपलं आणि परत गेला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. सहदेवने शाल काढून मांडीवर ठेवली. त्याचा स्वतःचा अंगठा तळव्यात वळला होता आणि तो सरळ होईना.

उल्हासतीर पाच गुणांनी हरलं. निवडीचे लोक समोरच्या संघाशी बोलायला गेले. करंडक द्यायला पाहुणा म्हणून सहदेवलाच उठावं लागलं. तो चढाईवाला वाकून पाया पडला आणि म्हणाला, "दादा, तुमचा एपिसोड चार वेळा बघितलेला मी." आनंदा तिथेच उपविजेत्यांच्या रांगेत उभा होता. त्याने ते ऐकलं. सहदेवला इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं न बोलणं सहन झालं नाही.

नंतरचे दोन रविवार सहदेव मैदानावर गेला नाही. गुडघा दुखतोय म्हणाला. शीला गुडघ्याला तेल लावायला बसली आणि कोणता गुडघा म्हणून विचारलं, तेव्हा त्याला पटकन सांगता आलं नाही. तिने तेलाची वाटी खाली ठेवली.

"टीव्हीवर तासभर बोलता," ती म्हणाली. "तिथं जाऊन एक वाक्य बोलायचंय ना? मग जा की."

तिसऱ्या रविवारी तो गेला. आनंदा शेडखाली ओल्या फडक्याने मॅट पुसत होता. सहदेव चपला काढून जवळ जाऊन उभा राहिला. वाटेत त्याने बरंच काही जुळवलं होतं, कानात साकेत बोलत असल्यासारखं. त्यातलं काहीच तोंडून निघालं नाही.

"आनंदा, चुकलं माझं," तो म्हणाला.

आनंदाने फडकं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. मग म्हणाला, "प्रीतमची आज पाळी आहे. गोदामात लागलाय. कोपरा मोकळा आहे."

गोदामात. ज्या पोराला कंपनीच्या संघात नोकरी मिळायची तो पेट्या उचलत होता, आणि त्याचं कारण आपण, हे आनंदाने सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. सहदेव कोट न घालता, पावडर न लावता, आपल्या जुन्या जागी जाऊन उभा राहिला. आनंदा स्वतः शेजारी आला आणि डावा हात पुढे केला. खरबरीत, करंगळी वाकडी झालेला हात. तो हातात आल्यावर सहदेवला रडूच येणार होतं, पण तेवढ्यात समोरून चढाई आली.

आनंदाच्या हाताने काहीतरी सांगितलं. एकदा दाबणं नव्हे, दोनदा नव्हे, अंगठा तर बाहेरच होता. मधल्या बोटाने सहदेवच्या नखावर काहीतरी केलं, हलकंच. सहदेव गोंधळला. अर्धं पाऊल पुढे गेला, अर्धं मागे आला, आणि चढाईवाल्याने त्याच्या खांद्याला हात लावून रेषा गाठली.

सहदेवने हात वर केला आणि बाद झालेले बसतात तिथे जाऊन बसला. पुढची चढाई पकडली गेली. एक गुण मिळाला, म्हणजे एक बाद झालेला आत. तो आला. आनंदाने त्याच्याकडे न बघता परत हात पुढे केला आणि त्याने धरला.

"खुणा बदलल्यास," सहदेव म्हणाला.

"बदलल्या."

"मला कळायला किती दिवस लागतील?"

आनंदाची नजर मध्यरेषेवर होती. "तुला नाही कळणार. तू आलास की मी रोज वेगळं दाबणार आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "तुला तिकडं बोलावं लागतं, सहदेव. तू बोल. फक्त इथलं तुला ठाऊक नको."

समोरून पुढची चढाई आली. आनंदाने हात दाबला, आणि सहदेव तो हात घट्ट धरून नुसता उभा राहिला.