सिस्टरचं नाव

दवाखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झाली तरी सगळे तिला सिस्टरच म्हणत. नवरा गेलेला, मुलगा परदेशी, रविवारी फोनवर "जेवलीस का?" विचारून तो मातृऋण फेडायचा. घरात भिंतींशी किती बोलणार? म्हणून तिनं आरोग्य पाहणीचं काम धरलं.

टॅब घेऊन आजाऱ्यांच्या घरी जायचं आणि विचारायचं, अडीनडीला तुमचं कोण? एकेका नावाचा ठिपका बोटानं पडद्यावरच्या वर्तुळात सरकवायचा. जितका माणूस जवळचा, तितका मध्याजवळ. टॅबमधला हा प्रोग्राम खुला होता, कोणीही घ्यावा, हवा तसा बदलावा. फुकट ते पौष्टिक म्हणून ऑफिसनं घेतला. पण बनवणारा भरल्या घरातला असावा; एक तरी नाव घातल्याशिवाय 'पुढे' हे बटण चालतच नसे.

मग ज्यांचं कोणीच नाही त्यांच्या वर्तुळात सिस्टर आपलंच नाव टाकून मोकळी होई. ऑफिसात सगळ्यांची वर्तुळं जोडून पाहिली, तर अर्ध्या वस्तीची जिवलग एकच बाई निघाली. साहेब आधी हरखले, मग नाव वाचून त्यांनी कपाळावर हात मारला. प्रोग्रामरनं ती अट काढून टाकली आणि सिस्टरला नावं पुसायला पाठवलं. ज्यांचं वर्तुळ रिकामं, त्यांच्याकडे दर आठवड्याला औषधं घेऊन माणूस जाणार होता. तिच्या नावामुळे त्यांचीच मदत अडली होती. सिस्टरला स्वतःची भयंकर चीड आली.

शेवटचं घर शिवणकामवाल्या आजींचं. एक खोली, बंद पडलेलं मशीन, त्यावर औषधांच्या पट्ट्या. सिस्टरनं सगळं नीट समजावलं आणि ठिपका वर्तुळाबाहेर ओढला.

आजी चष्मा पुसून बघत राहिल्या. "त्या दिवशी मी म्हटलं होतं, तुझंच नाव लिही. तुला थट्टा वाटली होय?"

सिस्टरला तेव्हा थट्टाच वाटली होती. विचारणाऱ्याचं नाव चालत नाही, ती कशीबशी म्हणाली.

"मग राहू दे ते नाव तिथंच. औषधं मी आणीन माझी."

आजींचे गुडघे पाहता त्या जिनासुद्धा उतरल्या नसत्या. सिस्टरनं 'पुढे' बटण दाबलं. या वेळी ते मुकाट्यानं चाललं.

"आता येशील कधी?"

पाहणी संपेपर्यंत कामाशिवाय त्या घरांत पाऊल टाकायचं नाही, असा साहेबांचा दंडक होता. घरोबा वाढला की लोकांची उत्तरं बदलतात म्हणे. पाहणी अजून दोन वर्षं चालणार होती आणि आजी ऐंशीच्या पुढच्या. "बघते," सिस्टर म्हणाली. आजींनी मान हलवली. आजवर त्यांना 'बघते' म्हणणारे पुष्कळ भेटले होते.

जिना उतरताना सिस्टरला फार एकटं वाटलं. तिला कोणी विचारलं असतं, तर तिनंही आजींचंच नाव सांगितलं असतं. पण दारोदार विचारत फिरायचं काम तिचं. तिच्या दारी कोण येणार?