नवाबाच्या पेटीतली वाळू

नवऱ्याचं नाव घेऊ न्हाय म्हणतात, पण आता माझ्या तोंडात दात न्हाईत, मला कोण बोलणार? महांतप्पा. निजामाच्या राज्यात मुरुमच्या बाजारात त्यांची आडत होती. ज्वारी, तूर, हरभरा. माणूस सरळ, पण खोड एक. दिसंल ते तोंडात घालून बघायचं. ज्वारी दाताखाली, गूळ जिभेवर, एकदा तर नवा साबण चाखला अन् दिवसभर फेस गाळत बसले. काट्याजवळ बसून मिशीला पीळ देत गिऱ्हाइकाला सांगायचे, "माझ्या मालात एक खडा दाखवा, मिशी उतरवतो!"

त्यांचा जिवलग दोस्त खाजामियाँ, करोडगिरी नाक्यावर जकातीचा कारकून. बदलून गेलेल्या एका साहेबानं त्याला काचेची पेटी अन् आत एक सोनेरी मासा देऊन टाकला होता. खाजामियाँला लेकरू न्हाय. त्यानं माशाचं नाव नवाब ठेवलं, रोज सकाळी त्याला सलाम करायचा. मेव्हण्याच्या लग्नाला हैदराबादेला निघाला तेव्हा पेटी आमच्या दारात आणली. "महांतप्पा, ये मेरी जान है. सांभाळ. याला काही झालं तर मला तोंड दाखवू नको."

"लिंगायताच्या घरात मासा? अय्यो शिवने!" म्या उंबऱ्यातच आडवी झाले. शेवटी पेटी ओसरीवर ठेवायची, आत आणायची न्हाय, असं ठरलं. तरी शेजारची लक्ष्मम्मा दोनदा येऊन माझ्या चुलीचा वास घेऊन गेली, भवानी!

दोस्ताची चीज उजळून द्यावी म्हणून दुसऱ्याच दिवशी आमच्या मालकांनी पेटी घासायला काढली. नवाब तांब्यात. पेटीच्या बुडाला बारीक खडे अंथरले होते. सवयीनं चिमूटभर जिभेवर टाकले, अन् थू केलं. "शी! कुठला कचरा भरलाय या खाजानं? आपण चांगली वाळू घालू." सगळे खडे गटारात.

खालची काच उघडी पडली अन् नवाब बिथरला. बुडाला स्वतःलाच बघून दचकायचा, कोपऱ्यात तोंड खुपसून बसायचा. खायला टाकलं तर ढुंकून बघायचा न्हाय. "हा मेला तर खाजा माझं तोंड बघणार न्हाय गं," म्हणत मालकांनीही ताट सारलं. आता ओसरीवर दोन उपाशी, अन् मधी म्या.

मग मालक वाळू शोधायला निघाले. मठाचं बांधकाम चालू होतं, तिथला ढीग आधी चाखला. त्यात चुना मिसळलेला! जीभ अशी पोळली की दोन दिवस मला शरणम्माच्या जागी 'छलनम्मा' म्हणत होते. तरी अक्कल आली का? फुटाणे भाजणाऱ्या गजराबाईच्या भट्टीवरची वाळू तोंडात घातली. ती खारट. "चव बरी हाय," म्हणले, अन् आणखी चिमूटभर घेतली! म्या कपाळावर हात मारला. "अहो, वाळू माशाला पायजे, तुमाला न्हाय!"

शेवटी बेन्नीतुरा नदीची वाळू आणली. चुना न्हाय, मीठ न्हाय. जिभेनं पास केली, धुऊन पेटीत घातली. नवाब खाली गेला, एक घास वाळू तोंडात घेतली, चघळली अन् थुंकली. मालक उड्याच मारायला लागले. "अगं, हा तर माझ्यासारखाच माल बघतोय! आडत्या हाय आडत्या!"

पण पुढच्या घासाला आडत्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. टोकदार खडा आडवा अडकला होता. नवाब वाकडा होऊन तरंगायला लागला अन् मालक ढसाढसा रडायला लागले. एवढा मिशीवाला गडी! मला त्यांचं रडणं बघवंना. पायातले काटे काढायचा चिमटा घेतला, ओल्या पदरात मासा धरला, अर्धे डोळे मिटून शिव शिव म्हणत खडा ओढून काढला. मासा पाण्यात सोडला, अन् म्या थेट न्हाणीत गेले. सगळी वाळू उपसून माझ्या रव्याच्या चाळणीनं चाळली, बारीक तेवढीच परत घातली. ती चाळणी नंतर लक्ष्मम्मानं कधी मागितली न्हाय.

संध्याकाळी नवाबानं दाणा खाल्ला. मालकांनी त्याच्याकडं बघत भाकरी खाल्ली.

खाजामियाँ परतला तो घरी न जाता आधी आमच्या ओसरीवर. नवाबाला सलाम केला, दोस्ताला मिठी मारली. मग पेटीत वाकून म्हणाला, "अरे, ये रेती कायकू डाला? माझे खडे कुठं गेले?"

"तो कचरा? फेकला की गटारात!"

"कचरा? तुझ्याच दुकानच्या ज्वारीतले खडे होते ते! माझी हुसेनबी सुपात निवडून बाजूला ठेवती, म्या धुऊन पेटीत टाकतो. गोल, गुळगुळीत. नवाबाला दुसरं चालत न्हाय."

मालकांचा हात मिशीवर गेला. "माझ्या मालात खडा? भलतंच! शरणम्मा, तू सांग!"

म्या आढ्याकडं बघायला लागले. रोज ज्वारी निवडणारी म्याच, काय सांगणार?

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाईस?" मालक कळवळून म्हणले.

"बोललो असतो तर तू माल साफ केला असतास. फिर मेरे नवाब का क्या होता?"

हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. मिशी खाजामियाँनं माफ केली. पण गटारात टाकलेले खडे भरून द्यायचे ठरले, म्हणून मालक दुकानातलं पोतं ओढून माझं सूप घेऊन स्वतः निवडायला बसले.

पेटीचं बूड झाकायला अर्ध्या पोत्यातलेच खडे पुरून उरले.