काका-काकूंच्या मधली जागा

मंडळी, आज सकाळी शिरपूरला शेजारच्या काका-काकूंना त्यांचा फोटो दाखवला, आणि त्या फोटोत नेमके ते दोघं नव्हते!

वडिलांचा जुना मीडियम फॉरमॅट कॅमेरा आहे माझ्याकडे. त्याचा रुंद रोल इकडे मिळत नाही, म्हणून मी दोन्ही बाजूंना बाटलीची झाकणं अडकवून त्यात साधा, अरुंद रोल बसवला. विसरले एवढंच, की बघायच्या काचेत अख्खा चौकोन दिसतो, पण फिल्मवर फक्त मधली उभी पट्टी उमटते.

आणि त्या वेळी हे दोघं तुरीच्या शेतापुढे उभे राहिले होते आपल्याकडची जुनी जोडपी राहतात तसे, मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून.

तेवढं अंतरच फोटोत आलं. धुक्यातली तूर, तिची पिवळी फुलं, एका बाजूला काकूच्या पदराचं टोक. आणि दोन्ही कडांना फिल्मची भोकं, काळ्या मण्यांच्या पोतीसारखी.

काकू बराच वेळ बघत राहिली. "आमी काहून नाई वं यात?"

"जवळ उभं राहावं लागते, काकू."

काकांनी आधी रस्त्याकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"या ना मंग इकडं," काकू म्हणाली. "पोरगी सांगून राह्यली ना!"

काका आले. खांद्याला खांदा लागला. मी कॅमेरा उचलून बटण दाबलं आणि म्हटलं, "झालं."

दोघंही हलले नाहीत.

नव्या रोलमध्ये अजून जागा होती. तुम्ही काय केलं असतं, आणखी एक फोटो काढला असता? मी कॅमेरा खाली ठेवला.