गवतातला फटका

“ही मुलगी मुकी आहे की काय?” मडमेनं साहेबांना हळूच विचारलं.

मी जवळच वाकून बुटाची नाडी बांधत होते. प्रश्न इंग्रजीत होता आणि मला ऐकू गेला नसेल असं तिला वाटलं असावं. नाडी बांधून झाली तरी मी वाकलेलीच राहिले. साहेब काय उत्तर देतात ते ऐकायचं होतं.

“मुकी कुठली? बाप तर म्हणतो, कॉन्व्हेंटमधली आहे, इंग्रजी उत्तम बोलते.”

“मग ते इंग्रजी फक्त बापालाच ऐकू येत असेल.”

दोघं हसली. हसण्यात खोटेपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. काहीतरी बोलून दाखवावं असं वाटलं. वाक्य तयारही झालं, पण मी ते मनात नीट घासूनपुसून घेईपर्यंत दोघं पुढे निघून गेली होती. माझं नेहमी असंच व्हायचं. शाळेतल्या सिस्टरांना माझं गप्प बसणं आवडायचं, त्यामुळे ती सवय सुटायचं काही कारणच पडलं नव्हतं.

लढाईचे दिवस होते. बेळगावच्या कँपातले निम्मे साहेब लढाईवर गेलेले. गोल्फ खेळायला पुरेशा जोड्या जमेनात, म्हणून आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलावणं आलं. आप्पांचा निपाणीला तंबाखूचा व्यापार होता आणि हे साहेब तंबाखू विकत घेणाऱ्या कंपनीतले मोठे अधिकारी. मुलीलाही आणा, चौघांचा डाव होईल, असा निरोप होता. त्या मैदानावर आमच्यातलं कुणी खेळायला म्हणून पाऊल ठेवल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. टांग्यात बसल्यापासून आप्पा तीच तीच गोष्ट सांगत होते. “मोकळं बोल. विचारलं तर उत्तर दे. तुझी शाळा दिसू दे जरा.”

खेळ मला आप्पांनीच शिकवला होता, सुटीत, निपाणीच्या आमच्या वखारीच्या अंगणात. तंबाखू निवडणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघत बसायच्या.

“आक्कासाब, उंदीर मारतासा काय?”

“उंदीर न्हाय गं, इंग्रजी विटीदांडू हाय त्यो.”

“व्हय? मग विटी कुटं उडतीया? मातीच उडतीया नुसती.”

आई दारात उभी राहून बघायची. तिला तो खेळ कधीच पटला नाही. आम्ही जैन, पावसाळ्याच्या महिन्यांत आई हिरवळीवर पाऊलही जपून टाकायची. “चेंडू गवतात गेला तर सोडून द्यायचा,” ती मला बजावायची. “गवतात काठी घालायची नाही. आत काय काय जीव असतात.”

“अगं, गवतातून बाहेर काढता येणं हाच तर खेळ,” आप्पा म्हणायचे.

आणि ते मला तेच शिकवायचे. मैदानाच्या मधली पट्टी कापलेली असते, पण दोन्ही बाजूंना गवत वाढू देतात. तिथं चेंडू गेला की साधी काठी चालत नाही. जाड, तिरक्या लोखंडी डोक्याची वेगळी काठी घ्यायची. गवत काठीच्या मानेला विळखा घालतं आणि डोकं वळवून टाकतं, म्हणून डावी मूठ घट्ट आवळायची. झाडल्यासारखी काठी फिरवायची नाही. ती सरळ वर उचलायची आणि कुऱ्हाडीसारखी खाली आणायची, चेंडूच्या अगदी मागे. भीत भीत मारलेला फटका गवतच गिळून टाकतं. “मारायचं तर पूर्ण ताकदीनं,” आप्पा म्हणायचे, “नाहीतर मारूच नये.”

वखारीच्या मागच्या गवतात मला ते जमायचं. बेळगावच्या त्या मैदानावर मात्र दसऱ्यानंतरचं गवत माझ्या डोळ्यांपर्यंत आलं होतं. पिकून पिवळं पडलेलं, वारा नसतानाही आत कुठंतरी सळसळणारं. सकाळपासून मी त्याच्याकडे बघणं टाळत होते.

साहेबांनी त्या भीतीत भरच घातली. चालता चालता ते आप्पांना सांगत होते की गेल्याच महिन्यात त्यांनी इथं एक घोणस मारली, ह्याच काठीनं. साप म्हटला की ते थांबतच नाहीत, धावत जातात. मग गवताकडे हात करून म्हणाले, “हे आता लष्कराचं. खेचरांसाठी राखून ठेवलंय. तरी गावातल्या बायका चोरून कापतात. परवा एकीला मीच पकडून पोलिसांत दिलं. तुरुंगात आहे. तिचा विळा माझ्या टेबलावर आहे. कागद दाबायला फार चांगला.”

आप्पा हसले. कसं हसावं ते त्यांना सुचत नव्हतं, हे मला त्यांच्या अवघडलेल्या मानेवरून कळलं.

आमचा डाव असा होता: आप्पा आणि मी एका बाजूला, साहेब आणि मडम दुसऱ्या. प्रत्येक जोडीला एकच चेंडू, आणि तो जोडीनं आळीपाळीनं मारत झेंडा लावलेल्या भोकात, म्हणजे होलमध्ये, घालायचा; कमी फटक्यांत घालील त्या जोडीचं ते होल. एक फटका आप्पांचा, पुढचा माझा. मध्ये एकदा मडमेचा चेंडू वाळूच्या एका खड्ड्यात रुतून बसला. साहेबांनी हात हलवला, “होल तुमचं,” म्हणाले, म्हणजे ते होल आमच्या नावे सोडून दिलं, चेंडू उचलला आणि सगळे पुढं निघाले. इतकं साधं होतं ते. मला त्यांचा हेवा वाटला. ते एक वाक्य मला तसं सहज कधी म्हणता आलं नसतं.

शेवटून दुसऱ्या होलपर्यंत दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. आप्पांचा चेहरा लाल झाला होता, उन्हानं नव्हे. त्यांनी फटका जोरात मारला, चेंडू उजवीकडे वळला आणि गवतात शिरला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “काढशील तू. सगळं बळ लाव.” पुढचा फटका माझा होता आणि त्यापुढचा त्यांचा, म्हणून ते झेंड्याच्या दिशेनं पुढं चालू लागले. सकाळपासून आमच्या काठ्या वाहणारी दोन माणसंही त्यांच्याबरोबर गेली. साहेब आणि मडम कापलेल्या पट्टीवर थांबली. मी ती जाड डोक्याची काठी घेऊन आत शिरले.

आत गेल्यावर बाहेरचं मैदान नाहीसंच झालं. गवताची कुसळं साडीला टोचत होती. पायाखाली काय आहे ते दिसत नव्हतं. घोणस हलत नाही, पडून राहते, असं मी ऐकलं होतं, म्हणून प्रत्येक पाऊल टाकताना मी श्वास धरत होते. आधी काठीचं टोक, मग पाऊल. आईनं मना केलेलंच मी करत होते.

चेंडू दिसला. गवताच्या दोन झुबक्यांमध्ये, पांढरा, अर्धा पुरलेला. आणि त्याच्या पलीकडे काहीतरी हललं.

ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. गवतात एक हात होता. हातात विळा. मग चेहरा दिसला, जमिनीला टेकलेला, माझ्याकडे वळलेला. एक बाई पालथी पडली होती. शेजारी कापलेल्या गवताचा भारा होता, लुगड्याच्या तुकड्यात अर्धवट बांधलेला.

“वरडू नगंस, आक्का,” ती नुसत्या ओठांनी म्हणाली. “पाया पडतो तुझ्या.”

मी मान हलवली. होय की नाही, ते मलाच ठाऊक नव्हतं.

“म्हस व्यालीया नुकतीच. गवताला म्हणून आलतो. दिसलो तर न्हेतील मला. घरात तान्हं हाय.”

बाहेरून साहेबांचा आवाज आला, “मिळाला का?”

तिनं डोळे मिटले. मी चेंडूकडे पाहिलं. तिचं डोकं चेंडूच्या पुढं, हातभर अंतरावर, मला ज्या दिशेला मारायचं होतं नेमकं त्याच दिशेला होतं. मी तिला खुणेनं सरक म्हटलं. तिनं मागं बोट दाखवलं. मागं गवत संपत होतं. मागं सरकली असती तर कापलेल्या पट्टीवरून सरळ दिसली असती, बाजूला सरकली असती तर गवत हललं असतं.

“तू मार की,” ती म्हणाली. “मी अशीच दबून र्‍हातो. लागलं तरी वरडत न्हाय.”

तेव्हा मला खरी भीती वाटली. सापाची भीती तिच्यापुढं काहीच नव्हती. ती खरंच ओरडली नसती. हे तिच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं की मी काठी खाली टेकवली. पूर्ण ताकदीनं, कुऱ्हाडीसारखी, असं मला शिकवलं होतं.

“मिळाला का?” पुन्हा साहेब. “नसेल तर आम्ही येतो शोधायला.”

हा ह्या खेळातला शिष्टाचार. चेंडू हरवला की दोन्ही बाजूंनी मिळून शोधायचा, प्रतिपक्षाचा असला तरी. साहेब भले होते, ते नक्की आले असते, काठीनं गवत झोडपत. मडमही आली असती. म्हणजे नाही मिळाला म्हणायची सोय नव्हती. मिळाला म्हणावं तर मारायला हवा. हळूच, खोटा खोटा फटका मारावा, तर चेंडू इथंच राहणार, आणि पुढची पाळी आप्पांची. ते इथंच येणार, बरोबर ती माणसं घेऊन. साप आहे म्हणावं, तर साहेब धावत येणार.

एकच गोष्ट उरली होती. होल सोडून द्यायचं. चेंडू उचलायचा, बाहेर पडायचं, सगळ्यांनी पुढं जायचं. पण ते मुकाट्यानं करता येत नव्हतं. ते म्हणावं लागत होतं, मोठ्यानं, इथूनच, साहेबांनी पाऊल टाकण्याआधी. आणि म्हणायचं ते आप्पांना न विचारता. आप्पा पार पुढं झेंड्यापाशी उभे होते; गवताच्या शेंड्यांवरून त्यांची टोपी तेवढी दिसत होती. माझ्या शाळेसाठी, ह्या एका दिवसासाठी, त्यांनी केलेलं सगळं मला आठवलं. वाक्य मनात आलं, आणि मी नेहमीप्रमाणे त्याचे शब्द तपासायला लागले.

गवत मोडल्याचा आवाज झाला. साहेब आत येत होते. त्यांची काठी दोन्ही बाजूंना सपासप चालली होती आणि ते हसत हसत मडमेला काहीतरी सांगत होते. बाईनं विळा पोटाखाली ओढला. तिच्या पाठीवरचं लुगडं श्वासाबरोबर हलत होतं, आणि एकदम हलायचं थांबलं. तिनं श्वास रोखून धरला होता.

साहेबांची हॅट दिसली.

मी बाईच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिले. माझा आवाज कसा आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तो इतका मोठा निघाला की पार पुढं आप्पांची टोपी गर्रकन वळली आणि पट्टीवर मडमेनं छत्री खाली घेतली. साहेब एक पाय उचललेला तसेच थांबले.

“आत येऊ नका,” मी इंग्रजीत म्हणाले. “चेंडू माझ्या पायाशी आहे. मी तो मारणार नाही. होल तुमचं.”