ड्रमाच्या तळाचं डांबर
गल्लीत नवा रस्ता होतोय. डांबराचा वास आला आणि मी खिडकी लावून घेतली. कॉलेजात असताना आम्ही पाणी संपलेल्या शहराचा थरारपट केला होता. ते दुष्काळाचं वर्ष होतं. चिकलठाण्यात आमच्याकडं टँकर आठवड्यानं यायचा. सिनेमाच्या शेवटी खलनायक पाणी ओतून देतो, त्यासाठी मी घरचा भरलेला लोखंडी ड्रम लवंडला आणि घरी सांगितलं, गळतोय. त्याच आठवड्यात कॉलनीच्या गच्चीवर सिनेमा दाखवला. बघायला आलेला एक मित्र म्हणाला, "हा माणूस पाणी का सांडतो तेच कळत नाय." मी समजावत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "व्हय रे, हा आपलाच ड्रम ना?" भोक काही सापडेना म्हणून वडिलांनी त्याच दिवशी सकाळी ड्रमाच्या अख्ख्या तळाला डांबर फासलं होतं. पडद्याच्या उजेडात ते आपली काळी नखं बघत राहिले.